हलतंय का, सांग

दुरुस्तीला आलेल्या गाडीतून स्वतःच्या बायकोला फिरवून आणणारा मिस्त्री जगात एकच असेल, असं त्या रस्त्यावरचे दुकानदार म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. गाडीचं काम झालं की सुतळी मिस्त्री चिंधीला हात पुसत गॅरेजच्या मागच्या दाराशी जायचे. ते दार उघडलं की पलीकडे थेट स्वयंपाकघर. मिस्त्री उंबऱ्यावरूनच हाक मारायचे, "अगं, येतेस का? जरा हवा खाऊन येऊ." काकू गॅस बारीक करायच्या, ओल्या हातानंच केस सारखे करायच्या आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसायच्या. समोरचा टायरवाला ओरडायचा, "काकू, आज कुणाची गाडी? नवरा असावा तर असा!" काकू म्हणायच्या, "जळतोस का रे?"

सुतळी हे काही त्यांचं नाव नव्हे. चाकं सरळ आहेत की नाहीत हे बघायला मशिनं निघाली आहेत आणि ती चांगली आहेत, असं मिस्त्री स्वतःच सांगायचे. पण ठेवायची कुठे? गॅरेजात दोन गाड्या उभ्या राहिल्या की माणसानं पोट आत घेऊन चालायचं. मग ते गाडीच्या दोन्ही अंगांना सुतळी ताणायचे, गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून बघायचे, आणि गाडी सुतासारखी सरळ करून द्यायचे. त्यावरून नाव पडलं ते पडलं. काकूंचं माहेरचं नावसुद्धा लोक विसरले, त्या सुतळीकाकू झाल्या.

आता त्या चकरांचं खरं कारण. जन्मभर ग्राइंडर आणि नट खोलायची हवेची बंदूक धरून मिस्त्रींच्या बोटांतली जाणीव गेली होती. आधी थंडीत बोटं पांढरी पडायची. मग मुंग्या यायला लागल्या. पुढे मुंग्याही थांबल्या, आणि हे गृहस्थ खूश झाले, म्हणाले, बरं झालं, गेलं दुखणं! शहाणपण ते केवढं! दुखणं नव्हतं गेलं, बोटं गेली होती. स्टिअरिंगची थरथर हाताला कळेना. कंबरेचं म्हणाल, तर ती फरशीवर पाठ टेकून काम करून करून अशी आखडलेली, की तिला सगळ्याच गाड्या सारख्या टोचायच्या. आणि थरथर कळली नाही तर मिस्त्री कसला? मग ते बायकोला शेजारी बसवायचे आणि सहज विचारल्यासारखं विचारायचे, "बरी चालते नाही गाडी?"

काकू पण काय कमी होत्या? गॅसवरचं तापलेलं पातेलं नवरा फडक्याशिवाय उचलतो आणि तोंडही वाकडं करत नाही, हे ज्या दिवशी त्यांनी पाहिलं, त्या दिवशीच त्या सगळं समजल्या. पण बोलल्या नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या आपल्या बाहेर बघत म्हणायच्या, "चालते की. पण स्टिअरिंग तुमच्या हातात नाचतंय." म्हणजे दोष पुढच्या चाकांत. किंवा, "माझ्या सीटखाली कुणीतरी झोपलंय आणि तुमच्यासारखं घोरतंय." म्हणजे दोष मागे. मिस्त्री "असं होय" म्हणायचे, गाडी वळवायचे आणि बरोबर तिथंच पाना लावायचे. ते सांगत नव्हते, त्या विचारत नव्हत्या, आणि संसार छान चालला होता.

मग सिस्टरची जीप आली.

सिस्टर म्हणजे डोंगरावरच्या वस्त्यांवर फिरून बाळंतपणं करणारी बाई. आवाज खणखणीत, बूट चिखलानं भरलेले. वरची वाट म्हणजे नुसते धोंडे. जीपचं पोट त्यांच्यावर आपटून आपटून पोचे पडले होते. ती म्हणाली, "मिस्त्री, हिला उंच करा." मिस्त्रींनी चाकांवरचे जुने पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, काढून जास्त बाकाचे पाटे घातले, जीप वीतभर उंच झाली. सिस्टर चढायला लागली तर गुडघा हनुवटीला लागला. तरी ती खूश होती.

पण गाडी उंच करणं म्हणजे खाली विटा लावून कपाट उंच करणं नव्हे. काकूंनी हे आपल्या परीनं समजून घेतलं होतं: उंच टाचा घातल्या की टाच दुखत नाही, कंबर दुखते. जीपचंही तेच झालं. नाकासमोर जायचं सोडून ती रस्त्यावर कधी या कडेला, कधी त्या कडेला जायला लागली, आणि जरा वेग घेतला की बुडाखालून घूं घूं सुरू.

आणि सिस्टरला घाई होती. सगळ्यात वरच्या वस्तीत एक पहिलटकरीण होती. दिवस भरत आलेले, आणि मूल पोटात आडवं. तिला येत्या शुक्रवारी जीपमध्ये झोपवून खाली मोठ्या दवाखान्यात आणायचं होतं. "धक्के मी सांभाळीन," सिस्टर म्हणाली, "हळू चालवीन. पण ही सारखी थरथर नको हो. पोरगी आधीच घाबरलेली आहे."

मिस्त्रींनी सुतळ्या ताणल्या. पुढची चाकं बदकाच्या पावलांसारखी फाकली होती, ती जागेवर आणली. मग पुढच्या पाट्यांखाली लोखंडी पाचरा बसवल्या, तेव्हा स्टिअरिंग हातात टिकायला लागलं. चक्कर झाली. काकू म्हणाल्या, "नाचायचं थांबलं. घोरणं चालूच आहे."

घोरणं होतं शाफ्टचं. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत फेरे पोचवणारा लांब पोलादी दांडा, तो शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना मनगटासारखा एकेक सांधा असतो, त्याला क्रॉस म्हणतात. जीप उंच झाली की शाफ्ट जास्त तिरका होतो, आणि दोन्ही मनगटं सारखीच वाकली नाहीत तर तो थरथरतो. मिस्त्रींनी मागच्या पाट्यांखालीही पाचरा घातल्या, तिथला कोन गिअरबॉक्सच्या कोनाशी जुळवला. घोरणं कमी झालं. थांबलं नाही. त्यांनी शाफ्ट खाली काढला, मागचा क्रॉस बोटांनी फिरवून पाहिला आणि म्हणाले, "लोण्यासारखा फिरतोय. याला काही झालेलं नाही." शाफ्ट पुन्हा चढवला, पाचरा बदलल्या. पुन्हा घूं घूं. पुन्हा गाडीखाली. असे ते गाडीखाली जात राहिले आणि प्रत्येक वेळी बाहेर येताना चाकाला धरून जास्त वेळ बसायला लागले.

त्या दुपारी मिस्त्री जेवायला बसले आणि काकूंची नजर त्यांच्या तळहातावर गेली. लिंबाएवढा फोड.

"हे काय झालं?"

"कुठे?"

"अहो, हातावर!"

मिस्त्रींनी हात उलटा करून पाहिला, कुणा दुसऱ्याचा हात बघावा तसा. "सायलेन्सर असेल," ते म्हणाले. "इंजिन आत्ताच बंद केलेलं. टेकला असेल हात."

टेकला असेल! एवढा फोड यायला हात किती वेळ टेकलेला असेल? आणि या माणसाला पत्ता नाही! काकूंनी थंड पाण्याचं फडकं बांधलं, पण डोक्यात एकच घोळत राहिलं: ही जीप जाऊ दे. एकदाची जाऊ दे इथून.

जेवणानंतर हाक आलीच. "येतेस का? हवा खाऊन येऊ."

काकू बसल्या. गाडी मोठ्या रस्त्याला लागली, वेग वाढला, आणि सीटखाली ते सुरू झालं. पूर्वीपेक्षा बारीक, पण होतं. तळव्यांना लागत होतं. मिस्त्रींनी समोर बघत विचारलं, "बरी चालते नाही?"

काकूंनी बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "लोण्यासारखी. देऊन टाका आता."

मिस्त्रींचा चेहरा असा उजळला, की काकूंना तिथंच रडू यायचं बाकी राहिलं. घरी येईपर्यंत ते शीळ घालत होते. संध्याकाळी सिस्टर आली, आभार मानून जीप घेऊन गेली. निघताना म्हणाली, "आज पोरीला भेटून येते, तिलाही जरा धीर येईल."

खोटं बोलायची सवय असावी लागते, ती काकूंना नव्हती. त्या रात्री मिक्सर लावला तर त्याच्या घूं घूंनंच त्या दचकल्या. मिस्त्रींनी चहा मागितला तर त्यात मीठ घातलं. मिस्त्री तो प्याले आणि म्हणाले, "आज वेगळा झालाय." दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी ठरवलं, की आता सांगायचंच, आणि त्या मागचं दार उघडतात तो समोर सिस्टर उभी.

"मिस्त्री, चढताना काही नाही. पण सपाट रस्ता लागला की बुडाखाली तेच! आडव्या मुलाची बाई मी यात कशी झोपवू, सांगा बरं?"

"पण काल तर..." मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी काकूंकडे पाहिलं. क्षणभरच. लगेच नजर काढून घेतली.

अहो, ओरडायचं होतं! भांडी आपटायची होती! चार शब्द ऐकवले असते तर काकूंनीही चार परत केले असते आणि मोकळं झालं असतं. पण हा माणूस मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेला, स्टीलचा पेला पाण्यानं काठोकाठ भरून घेऊन आला आणि जीपच्या पुढच्या फळीवर, काचेखाली ठेवला. मग नेहमीसारखंच म्हणाला, "येतेस का?"

काकू बसल्या. सिस्टर गॅरेजातच स्टुलावर थांबली.

गाडी निघाली. मिस्त्री रस्ता बघत होते आणि पेला बघत होते. शेजारच्या सीटकडे बघत नव्हते. वेग वाढला तशी पाण्यावर बारीक वर्तुळं उठायला लागली. मिस्त्रींनी पाय काढला, वर्तुळं बदलली. पुन्हा दिला, पुन्हा आली. सगळं पेला सांगत होता, आणि मिस्त्री मान हलवत होते. काकूंना त्या पेल्याचा असा राग आला, असा राग आला, की काय सांगावं. पेला कसला, सवतच आणून बसवली होती पुढ्यात!

त्यांनी हात लांब केला, पेला उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला.

"तहान लागली होती?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मला विचारा." काकूंचा आवाज फाटला. "मी बसलेय ना इथं? मला विचारा. हलतंय. कालही हलत होतं. खोटं बोलले मी."

मिस्त्रींनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मग ते हळूच म्हणाले, "का गं?"

काकूंनी त्यांचा हात ओढून घेतला आणि फडकं सोडून तळवा त्यांच्याच तोंडासमोर धरला. "हे बघा. हे झालं ते कळलं तरी का तुम्हाला? उद्या बोट तुटून पडेल आणि तुम्ही मलाच विचाराल, काय गं, कुणाचं बोट पडलंय इथं?"

"तुला..." मिस्त्री अडखळले. "तुला माहीत आहे?"

"वा! हवा खायला नेता म्हणे! इतक्या वर्षांत एकदा तरी गाडी थांबवून हवा खाल्लीत का?"

मिस्त्रींना हसू आलं. हसता हसता डोळे भरले, आणि ते फोड आलेल्या हातानंच पुसायला लागले, तेव्हा काकूंनी तो हात धरून ठेवला.

"भीती वाटायची," ते म्हणाले. "तुला सांगितलं तर म्हणशील, गॅरेज बंद करा."

"म्हटलंच असतं."

"मग मी काय करू गं? दुसरं येतं काय मला? सकाळी उठून कुठे जाऊ?"

नवऱ्याचे हात वाचवावेत तर नवरा जातो, आणि नवरा ठेवावा तर हात जातात. काकू रिकाम्या पेल्यात बघत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "आधी त्या पोरीची गाडी. आपलं नंतर."

परत आल्यावर काकूंनी सरळ सिस्टरसमोर मिस्त्रींचा हात धरला. सिस्टरनं पिशवीतून कापूस आणि टाचणी काढली, मिस्त्रींना डोळे मिटायला लावले आणि एकेक बोट तपासलं. टाचणी टोचली तरी मिस्त्री विचारत होते, "सुरू केलं का?"

"कधीपासून आहे हे?" सिस्टरनं विचारलं.

"अलीकडेच," मिस्त्री म्हणाले.

"आमच्या मुलीच्या लग्नाच्या आधीपासून," काकू म्हणाल्या. "आता नात शाळेत जाते."

सिस्टर चांगलीच चिडली. ग्राइंडर आणि ती बंदूक आजपासून बंद, म्हणाली, दवाखान्यात मी स्वतः घेऊन जाणार, आणि गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगत नाही, पण आहे तेवढं तरी राखा. मिस्त्री शाळेतल्या मुलासारखे मान खाली घालून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "आणि ही जीप?"

जीपचं कोडं सुटलेलं नव्हतंच. मिस्त्रींनी शाफ्ट पुन्हा खाली काढला, बाकावर ठेवला. मागचा क्रॉस धरला, इकडून तिकडे फिरवला, आणि सवयीनं म्हणायला गेले, "लोण्या..." तिथंच थांबले. स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग काकूंकडे.

"इकडे ये," ते म्हणाले. आणि मग जे त्यांनी इतक्या वर्षांत उच्चारलं नव्हतं, ते उच्चारलं. "माझ्या हाताला कळत नाही. तू बघ."

काकूंनी बाह्या वर केल्या. पीठ मळून मळून पक्क्या झालेल्या बोटांनी त्यांनी तो काळा, ग्रीसनं माखलेला सांधा धरला. "कसा फिरवू?"

"हळू. कणीक जास्त सैल झाली का बघतेस ना, तसा."

काकूंनी फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अहो, हा लोण्यासारखा कुठे आहे? मधोमध आला की अडतो. बघा, इथं. खाचेत बसल्यासारखा. मग जोर दिला की पुढे जातो."

मिस्त्रींना एकदम उलगडलं. जीप उंच होण्याआधी कितीतरी वर्षं तो क्रॉस एकाच कोनात राबला होता, आतमध्ये तेवढ्या जागी खड्डा पडला होता. आता कोन बदलला, आणि तो खड्डा प्रत्येक फेऱ्याला ठेचकाळत होता. गाडीची नाडी हातानं ओळखणारा माणूस, आणि हातात धरून त्यानं तो चांगला म्हणून परत चढवला होता! काकूंना वाटलं, आता यांचा धीर सुटेल. पण मिस्त्रींनी विचारलं, "दुसऱ्या टोकाचा?"

काकूंनी तोही फिरवला. "हा मात्र खरंच लोणी."

"मग एकच नवा टाकायचा," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जुना मिस्त्री परत आला होता. नवा क्रॉस टायरवाला सायकलवर जाऊन घेऊन आला. दाबून बसवताना मिस्त्री सांगत होते आणि काकू हात लावून बघत होत्या. "आता अडतंय?" "नाही." "घट्ट लागतंय?" "एका बाजूला जरासं." "बघू, इकडून एक ठोकतो. आता?" "आता छान." शाफ्ट चढवताना, काढतेवेळी दोन्ही टोकांना केलेल्या खुणा समोरासमोर आहेत ना, हे दोघांनी मिळून पाहिलं. काकू गाडीखाली आडव्या झालेल्या बघून समोरच्या दुकानदारांनी हातातली कामं टाकली. टायरवाला म्हणाला, "काकू, बढती मिळाली वाटतं!" खालून आवाज आला, "तुझ्या दुकानाकडे बघ मेल्या, गिऱ्हाईक उभं आहे."

चकरेला सिस्टरही आली. ती मागे फळीवर, जिथं त्या पोरीला झोपवायचं होतं, तिथं स्वतःच पोटावर हात ठेवून आडवी झाली. शुक्रवारी ती पोरगी तिथंच झोपून खाली आली आणि अर्ध्या वाटेत तिला खरोखर झोप लागली, पण ते पुढचं.

पेला घरीच राहिला होता. मिस्त्रींनी वेग वाढवला. या वेळी ते रस्ता सोडून शेजारी बघत होते, इतके, की काकूंना ओरडावं लागलं, "अहो, पुढे बघा!"

"हलतंय का, सांग."

काकूंनी तळवे खाली टेकवले, पाठ सीटला लावली, डोळे मिटले. उत्तर द्यायला मुद्दाम वेळ लावला. मागून सिस्टर म्हणाली, "अहो, बोलू नका दोघं, मला झोप येतेय."

"नाही हलत," काकू म्हणाल्या. "खरंच सांगते. अजिबात नाही."

मिस्त्रींनी विचारलं नाही, नक्की ना. त्यांनी नुसती मान हलवली आणि गाडी परत वळवली. उतारावर गिअर बदलायला त्यांनी दांड्यावर हात ठेवला, तेव्हा काकूंनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. ग्रीसनं काळी झालेली बोटं त्या काळ्या बोटांत गुंतवली आणि दाबली.

"कळतंय का?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी खाली पाहिलं.

"कळत नाही," ते म्हणाले. "पण दिसतंय की."

मग गिअर दोघांनी मिळून बदलला.